पोच घेतलीत का?

«ताई, मी साडेतीन वर्षं जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यावर, नोकरी करते. जुन्या पासपोर्टची मुदत संपत होती, म्हणून कार्डही ३० सप्टेंबरपर्यंतचंच मिळालं होतं. पासपोर्ट नवा करून घेतला आणि ६ ऑगस्टला शहराच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसच्या पोर्टलवर नूतनीकरणाचं सगळं भरून पाठवलं. लगेच एक आपोआप येणारा मेल आला: 'तुमचा संदेश मिळाला, कामाचा ताण फार असल्याने कृपया पुन्हा विचारणा करू नये.' त्यानंतर काहीच नाही. हॉटलाइन लागत नाही. पोर्टलवर 'प्रक्रियेत' एवढंच दिसतं. आता कंपनीने नोव्हेंबरअखेरपर्यंत वैध कागद मागितलाय. डिसेंबरात भारतात बाबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. नवरा म्हणतो, गप्प बस, ऑफिसला डिवचलंस तर फाइल आणखी खाली जाईल. मी रोज रात्री झोपायच्या आधी पोर्टल उघडून बघते. मी बेकायदा झालेय का? इतका कर भरूनही दारात हात पसरून उभी असल्यासारखं वाटतं. – एक वाचक»

प्रिय मैत्रिणी,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. नाही, तुम्ही बेकायदा झालेल्या नाही. जर्मनीच्या वास्तव्य कायद्यातलं कलम ८१, पोटकलम ४ नेमकं तुमच्यासारख्यांसाठी आहे. परवान्याची मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर ऑफिसचा निर्णय येईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं कायदा मानतो. त्यात नोकरी करण्याचा हक्कही आला. तुम्ही जवळजवळ आठ आठवडे आधी अर्ज केलात. कोणी मेहेरबानी केली म्हणून तुम्ही आज इथे राहत नाही, कायद्यानेच राहताय. हे वाक्य नवऱ्यालाही वाचून दाखवा.

अडलंय ते पुराव्यावर. कंपनीला, विमानतळावरच्या पोलिसाला, घरमालकाला कलम ८१ दिसत नाही, त्यांना कार्डावरची संपलेली तारीख दिसते. त्यासाठीच एक कागद असतो. त्याचं जर्मन नाव फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग. उच्चारताना जीभ वळत नाही, म्हणून मी इथे त्याला 'फिक्शनचा कागद' म्हणते. 'अर्ज आलेला आहे, निर्णय बाकी आहे, तोवर हिचा परवाना चालू धरावा' एवढंच तो सांगतो. त्याची फी १३ युरो आहे. आणि पोटकलम ५ प्रमाणे तो देणं ऑफिसवर बंधनकारक आहे. साहेबाच्या मर्जीचा तिथे प्रश्न येत नाही.

आता तो मिळवायचा कसा, ते बघू. त्याआधी मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट खटकली. 'सगळं भरून पाठवलं' असं तुम्ही लिहिलंय. नेमकं काय पाठवलंत? बऱ्याच शहरांच्या पोर्टलवर जो फॉर्म असतो तो नुसता टर्मिन मागण्याचा असतो, म्हणजे भेटीची वेळ मागण्याचा. काही ऑफिसं तेवढ्यालाही अर्ज मानतात, काही मानत नाहीत. म्हणून आज रात्री पोर्टल उघडाल तेव्हा 'प्रक्रियेत' हा शब्द बघत बसू नका. तुम्ही पाठवलेल्या फॉर्मचं शीर्षक बघा. त्यावर 'आनट्राग' आहे की 'टर्मिनआनफ्रागे'? पहिला म्हणजे अर्ज, दुसरा म्हणजे वेळेची विनंती. त्या पानाचा आणि आलेल्या मेलचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, पीडीएफ करून ठेवा, कागदावर छापून ठेवा. मराठीत याला पोच म्हणतात आणि तुमच्या सगळ्या प्रकरणाचा पाया ही पोच आहे.

फॉर्म वेळेच्या विनंतीचा निघाला तरी घाबरू नका. तुम्ही त्यात मुदतवाढीसाठी वेळ मागितली असेल, कागद जोडले असतील, तर तो अर्जच होता असं म्हणायला भक्कम जागा आहे. आणि अर्ज उशिरा आला असं ऑफिसने ठरवलंच, तरी विनाकारण कुणावर फार मोठं संकट येऊ नये म्हणून जुना परवाना चालू ठेवण्याची मुभा त्याच पोटकलमात ऑफिसला दिलेली आहे. मात्र तसं असेल तर एकटीने लढू नका, आधी सल्लागाराकडे जा. त्याबद्दल खाली लिहिते.

आता पत्र. हो, कागदावरचं पत्र. पोर्टल हे ऑफिसच्या दारांपैकी एक दार आहे, एकमेव दार नव्हे. या अर्जासाठी कायद्याने ठरावीक फॉर्म सांगितलेला नाही. साध्या पत्रानेही अर्ज होतो आणि आधीच्या अर्जाची आठवणही देता येते. पत्र जर्मनमध्येच लिहा, कारण कारभाराची भाषा जर्मन आहे असं कायदाच म्हणतो, आणि इंग्रजी पत्र बाजूला ठेवून द्यायला कुणाला निमित्त मिळायला नको. भाषांतराचं यंत्र वापरा, मग एखाद्या जर्मन सहकाऱ्याला पाच मिनिटं वाचायला द्या. माझा अनुभव असा, की सहकारी पत्र वाचून नुसता दुरुस्त करत नाही, हैराण होतो. आपल्या लोकांना काय काय करावं लागतं हे त्याला ठाऊकच नसतं.

पत्र एका पानाचं असू द्या. वर नाव, जन्मतारीख, पत्ता, पोर्टलवरचा क्रमांक. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. जर्मन फॉर्ममध्ये नावासाठी दोनच रकाने असतात, आपलं मधलं नाव कधी पहिल्या रकान्यात जातं, कधी गळून पडतं, आणि मग एकाच बाईच्या दोन फायली होतात. मजकुराची सुरुवात अशी: «हिअरमिट बेआनट्रागे इश दी फरलेंगरुंग मायनर ब्लाउअन कार्टं». म्हणजे मी याद्वारे माझ्या ब्लू कार्डाच्या मुदतवाढीचा अर्ज करते. त्याखाली लिहा की हाच अर्ज ६ ऑगस्टला ऑनलाइन केलेला आहे आणि त्याची पोच सोबत जोडली आहे. मग मागणी: कलम ८१, पोटकलम ५ नुसार मला फिक्शनचा कागद द्यावा. मग तारीख. 'लवकरात लवकर' लिहू नका, दोन आठवड्यांनंतरची ठरावीक तारीख लिहा. शेवटी दोन ओळीत निकड: नोकरी आणि वडिलांचं ऑपरेशन. कंपनीचं पत्र आणि दवाखान्याचं पत्र जोडा. दवाखान्याचं पत्र इंग्रजीत असेल तर त्यातल्या तारखेवर आणि आजाराच्या नावावर ठळक खूण करून जर्मन अर्थ लिहून द्या. नव्या पासपोर्टची प्रतही विसरू नका. जुन्या पासपोर्टच्या क्रमांकावर फाइल उघडलेली असेल तर नवा क्रमांक त्यांच्याकडे नसल्याने ती तशीच अडकून पडू शकते.

याच्या दोन प्रती काढा आणि स्वतः ऑफिसच्या आवक विभागात नेऊन द्या. तिथे म्हणा, माझ्या प्रतीवर 'आइनगांग्सश्टेंपल' मारून द्या. आवक शिक्का! सरकारी कचेरीची ही एक गोष्ट आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. परक्या देशात आल्यावर मात्र सगळं ऑनलाइन आहे म्हटल्यावर आपण ती विसरतो. खिडकीवर घेतलं नाही तर टपालाने आइनश्राइबन, म्हणजे नोंदणीकृत पत्र, पाठवा आणि पावती जपून ठेवा. बाहेरच्या पेटीत टाकत असाल तर सोबत कुणाला तरी न्या आणि पत्र टाकतानाचा फोटो काढा. त्यानंतर रोज मेल पाठवू नका. एक विषय, एक पत्र, एक क्रमांक. दहा मेल गेले की दहा ठिकाणी दहा माणसं 'हे कुणीतरी बघतंच असेल' म्हणून सोडून देतात.

पोचेबद्दल मी इतकी हट्टी का आहे ते सांगते. मी इथे आले त्या पहिल्या वर्षी माझ्याही परवान्याचं असंच अडलं. तेव्हा पोर्टल नव्हतं, सगळं टपालाने. महिनोन्‌महिने उत्तर नाही. माझी पक्की समजूत झाली की आपल्याला घालवायचंच ठरवलंय. शेवटी मैत्रिणीला सोबत घेऊन काउंटरवर गेले. समोरच्या बाईंनी फाइल उघडली, त्यात माझ्याच नावाचं, कधीच न उघडलेलं पाकीट होतं. त्यावर टपाल खात्याचं चिकटपत्र: या पत्त्यावर ही व्यक्ती सापडली नाही. आमच्या इमारतीच्या पत्रपेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव होतं. माझ्या पासपोर्टवर माझं माहेरचं. जर्मनीत पोस्टमन फ्लॅटचा क्रमांक बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच मला बोलावलं होतं आणि मी आले नाही अशी नोंद केली होती. आम्ही दोघी त्या पाकिटाकडे बघत राहिलो. त्या बाईंनी तिथल्या तिथे मला नवी वेळ दिली. त्या दिवशी घरी जाऊन मी कागदाचा तुकडा कापून, त्यावर नाव लिहून, चिकटपट्टीने पेटीला लावला. तुमच्या पेटीवर तुमचं नाव आहे ना, ते आत्ता खाली उतरून बघून या.

कंपनीचं. मनुष्यबळ विभागातली माणसं वाईट नसतात, घाबरलेली असतात. परदेशी कर्मचाऱ्याचा परवाना तपासणं आणि त्याची प्रत ठेवणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ती मागे लागतात. त्यांना एक मेल लिहा: अर्ज मुदतीत केला, ही पोच, कलम ८१ पोटकलम ४ नुसार नोकरीचा हक्क चालू आहे, फिक्शनच्या कागदाची मागणी अमुक तारखेला केली आहे. शिक्का मारलेलं पत्र जोडा. बहुतेकांना एवढं पुरतं. आणि त्यांच्याकडून एक पत्र मागून घ्या की हा कागद मिळाला नाही तर आम्हाला हिला कामावर ठेवता येणार नाही. तुम्हाला ते वाचून पोटात गोळा येईल, पण ऑफिससमोर निकड दाखवायला त्याच्याइतका चांगला कागद नाही.

आता बाबांचं. इथे मी तुम्हाला दटावून सांगणार आहे. फिक्शनचा कागद हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. हक्क कायद्यात शाबूत असला तरी परतताना काउंटरवरच्या माणसाला तो दाखवायला हातात काही नसेल, आणि दूतावासातून परतीचा व्हिसा मिळवण्यात तुमचे आठवडे जातील. कागद मिळाला की तिथेच उभं राहून तो नीट वाचा. त्यात तीन चौकोन असतात. तिसऱ्यात, म्हणजे 'परवाना चालू असल्याचं मानलं जातं' या ओळीपुढे फुली हवी. ती असेल तर तो कागद, संपलेलं कार्ड आणि पासपोर्ट घेऊन तुम्ही जर्मनीत परत येऊ शकता. फुली दुसऱ्या चौकोनात असेल तर देशात राहता येतं, पण बाहेर जाऊन त्याच्यावर परत येता येत नाही. घाईत चुकीच्या चौकोनात फुली पडल्याचं मी पाहिलंय, त्यामुळे खिडकीवरून हलण्याआधी विचारा. जमलं तर थेट विमानाचं तिकीट काढा. मधल्या विमानतळावर हा कागद ओळखणारा माणूस भेटेलच असं नाही.

दोन आठवड्यांत काही हललं नाही, तर ऑपरेशनची तारीख आणि तिकीट घेऊन सकाळी ऑफिस उघडताना दारात जाऊन उभ्या राहा. 'नोटफाल' म्हणा, तातडीचं प्रकरण. टर्मिन नाही म्हणून सुरक्षारक्षक अडवेल. शांतपणे कागद पुढे करा आणि आत कुणाला तरी दाखवायला सांगा. एकट्या जाऊ नका. सरकारी कामकाजाच्या कायद्यात, कलम १४ मध्ये, सोबतीला माणूस नेण्याचा हक्क दिलेला आहे. सोबत चांगलं जर्मन बोलणारं कुणी असलं की आपला आवाज कापत नाही.

त्याच्या पुढची पायरीही तुम्हाला माहीत असायला हवी. अर्ज करून तीन महिने उलटले आणि पुरेसं कारण नसताना निर्णय नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईचा दावा लावता येतो. त्याला उन्टेटिग्काइट्सक्लागे म्हणतात, प्रशासकीय न्यायालयांच्या कायद्याचं कलम ७५. तुमचे तीन महिने ६ नोव्हेंबरला झाले. 'आमच्याकडे कायमच माणसं कमी आहेत' हे कारण न्यायालयं सहसा पुरेसं मानत नाहीत. पहिल्या न्यायालयात वकील सक्तीचा नाही, तिथल्या कक्षात जाऊन तोंडी सांगितलं तरी दावा लिहून घेतात. कोर्टाची फी आधी भरावी लागते, पण दावा लागल्यावर ऑफिसने निर्णय दिला आणि त्याआधी तो मिळण्याची अपेक्षा रास्त होती असं ठरलं, तर खर्च ऑफिसवर पडतो. नोकरी किंवा प्रवास अगदी तोंडावर आला असेल तर तातडीचा आदेशही मागता येतो, पण तो मार्ग वकिलाच्या हाताने करा.

हे वाचून तुमचे यजमान कपाळाला हात लावतील, कल्पना आहे मला. 'डिवचू नकोस' हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. साहेब नाराज झाला की फाइल तळाशी जाते, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. पण त्यांना सांगा की इथे गप्प बसण्याचा फायदा मला इतक्या वर्षांत एकदाही दिसलेला नाही. पोर्टलमध्ये पडलेल्या अर्जाला चेहरा नसतो. शिक्का मारलेलं, तारीख घातलेलं, कलम लिहिलेलं पत्र टेबलावर आलं की त्याचं काहीतरी करावं लागतं. दावा लावला म्हणून अर्ज नाकारता येत नाही. नाकारायला कायद्यातलं कारण लागतं, आणि ते लेखी द्यावं लागतं.

आणि टेबलापलीकडच्या माणसाबद्दलही राग धरू नका, असं मी मनापासून सांगते. जर्मनीत अशी पाचशेहून अधिक ऑफिसं आहेत, कायदा सगळ्यांना एक, पण प्रत्येक शहर किंवा जिल्हा आपलं ऑफिस आपण चालवतो. संसदेने २०१७ मध्ये कायदा केला की २०२२ अखेरपर्यंत ५७५ सरकारी सेवा ऑनलाइन द्यायच्या. ते झालं नाही. जिथे झालं, तिथे बऱ्याचदा नागरिकाच्या बाजूचा फॉर्म तेवढा ऑनलाइन झाला, आतलं काम होतं तसंच राहिलं. त्यातच २०२२ पासून युक्रेनहून दहा लाखांहून जास्त माणसं आली, त्यांचीही कागदपत्रं याच टेबलांवरून गेली. म्हणून तुमचा अर्ज कुणी मुद्दाम दाबून ठेवलेला असण्यापेक्षा तो कुणी अजून उघडलेलाच नाही याची शक्यता फार जास्त आहे. तरीही त्याची किंमत तुम्ही मोजताय, आणि हे चूक आहे हे मी ठणकावून म्हणेन. एखादा देश माणसांना कामाला बोलावतो, तर त्यांच्या कागदावरची तारीख संपण्याआधी उत्तर देणं हे त्याचं कर्तव्य आहे.

सल्लागाराबद्दल लिहिते म्हणाले होते. प्रौढ स्थलांतरितांसाठी सरकारी पैशांवर चालणारी सल्ला केंद्रं शहरोशहरी आहेत. ती कारितास, डियाकोनी, आवो, जर्मन रेड क्रॉस अशा संस्था चालवतात. सल्ला फुकट आणि गोपनीय असतो. एम्बेऑन नावाच्या अ‍ॅपवरही लिहून विचारता येतं. तिथली माणसं शहरातल्या ऑफिसला ओळखतात, कुठला मेल वाचला जातो आणि कुठला नाही हे त्यांना ठाऊक असतं. माझी खात्री आहे की पहिल्याच भेटीत तुमचं पत्र लिहून होईल.

एक गोष्ट राहिली, आणि तुम्ही ती विचारलेली नाही. साडेतीन वर्षं ब्लू कार्डवर झाली, तर तुम्ही मुदतवाढ का मागताय? ब्लू कार्डवाल्यांना पेन्शनची वर्गणी भरत २७ महिने झाले आणि ए१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचं जर्मन येत असेल, तर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. बी१, म्हणजे त्याहून वरची पातळी असेल तर २१ महिन्यांनंतरच. बाकीच्याही अटी आहेत, त्या सल्लागाराशी बोलून तपासा. पण आत्ताची मुदतवाढ मागे घेऊ नका. ती चालू राहू द्या, कायमच्या परवान्याचा अर्ज त्याच्या जोडीला वेगळा द्या, आणि त्याचीही पोच घ्या. टर्मिन मिळालं की फोटोचं लक्षात ठेवा. मे २०२५ पासून नियम बदलला, आता फोटो डिजिटल लागतो. स्टुडिओ तो थेट पाठवतो आणि तुमच्या हातात एक कोड देतो. जुने छापील फोटो नेलेत तर उगाच हेलपाटा पडेल.

आणि ते रात्रीचं पोर्टल उघडणं थांबवा. ऑफिस बंद असताना तिथे काही बदलत नाही, तुमची झोप मात्र जाते. सोमवारी सकाळी एकदा बघा, बस. हात पसरल्यासारखं वाटतं म्हणालात, ते मला कळतं, त्या काउंटरवर मीही तशीच उभी होते. पण तुम्ही मागताय तो कागद कायद्याने तुमचाच आहे, तेव्हा खिडकीशी ताठ उभ्या राहा.

बाबांना माझा नमस्कार सांगा. ऑपरेशन झालं की मला एक ओळ लिहून कळवा.

तुमची,
ताई